पगाराची कमाल

मराठीत काही शब्द असे आहेत की ते सरकारी कचेरीतही चालतात आणि कव्वालीतही. 'कमाल' हा त्यांतलाच एक. हवामानखात्याने 'कमाल तापमान' म्हटलं की आपण पंखा लावतो, आणि शेजाऱ्याच्या मुलाचा पगार ऐकला की 'कमाल आहे!' म्हणून तोच पंखा वाढवतो. माझ्या मते ह्या दोन अर्थांत फारसा फरक नाही. दुसऱ्याला मिळतो तो पगार कमाल असतो आणि आपल्याला मिळतो तो किमान. अर्थशास्त्रावरचे जाडजूड ग्रंथ वाचायला वेळ नसेल त्याने एवढं एक वाक्य पाठ करून ठेवलं तरी संसार चालतो.

माणसाच्या पगारावर वरून झाकण असावं की नसावं, ह्या प्रश्नावर जगात तीन पक्ष आहेत. देणाऱ्यांना वाटतं, असावं. घेणाऱ्यांना वाटतं, नसावं. तिसरा पक्ष नुसता बघणाऱ्यांचा. त्याच्या खिशातून काही जात नाही नि खिशात काही येत नाही, त्यामुळे सगळ्यात मोठ्या आवाजात तोच बोलतो. आमच्या कर्जत लायनीच्या लोकलमध्ये ह्या पक्षाला स्पष्ट बहुमत आहे. ऋषभ पंतला सत्तावीस कोटी द्यावेत की नाहीत यावर ठाकुर्लीपासून ठाण्यापर्यंत वादविवाद झडतात, आणि ते करणाऱ्या दहांतल्या आठजणांना बसायला जागा मिळालेली नसते.

मी स्वतः मात्र ह्या विषयातला जाणकार आहे. कारण मी चाळीस वर्षं झाकणाखाली काढली. पुढचे आकडे जरा सावकाश वाचा : २६०-६-२९०-ई.बी.-६-३२६-८-३६६-ई.बी.-८-३९०-१०-४००. हा कुणाचा टेलिफोन नंबर नव्हे. तिसऱ्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या कनिष्ठ कारकुनाला दिलेली ही वेतनश्रेणी. मी नोकरीला लागलो तेव्हा ती मला मारुतिस्तोत्रासारखी तोंडपाठ होती. दरसाल सहा रुपये वाढ. मध्ये जो 'ई.बी.' दिसतो तो 'एफिशिअन्सी बार', म्हणजे कार्यक्षमतेचा अडसर. आपण कार्यक्षम आहोत असं साहेबाला पटल्याशिवाय पुढचे सहा रुपये सुटायचे नाहीत. आणि चारशेला गाडी थांबायची ती थांबायचीच. बदलापूर लोकल जशी बदलापूरला थांबते आणि कर्जतला जायचं म्हणून डोळे मिटून बसलेल्या माणसाला खाली उतरवते, तशी. पुढचे आयोग आले, आकड्यांपुढे शून्यं वाढली, पण झाकण होतं तिथेच राहिलं. तेव्हा पगाराच्या मर्यादेवर बोलायचा अधिकार मला नाही तर कुणाला?

हा अधिकार बजावायची पहिली संधी मला अमेरिकेने दिली.

अमेरिकेचं आणि आमचं नातं तसं जुनं. बदलापूरहून मुंबईकडे निघालात की मधलं अंबरनाथ सोडून पुढचं स्टेशन उल्हासनगर. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' असा शिक्का असतो आणि यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्या लायनीवर जन्मलेलं पोर बारशाच्या दिवशीच ऐकतं. पण माझा भाचा खऱ्या यूएसएत असतो. न्यू जर्सीला. एका पहाटे त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, सॅलरी कॅप हवीच आता!"

मी म्हटलं, "घाल की! थंडी पडली असेल तिकडे."

मग त्याने मला अर्धा तास बेसबॉल समजावून सांगितला. बेसबॉल म्हणजे अमेरिकेत जाऊन श्रीमंत झालेला आपला विटीदांडू, एवढं मला कळलं. श्रीमंत किती? हुआन सोटो नावाच्या खेळाडूशी न्यूयॉर्कच्या मेट्स क्लबाने २०२४च्या डिसेंबरात पंधरा वर्षांचा करार केला, शहात्तर कोटी पन्नास लाख डॉलरचा. त्याच्या आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी जपानच्या शोहेई ओतानीला दहा वर्षांसाठी सत्तर कोटी डॉलर कबूल केले. त्यातले अडुसष्ट कोटी करार संपल्यावर द्यायचे! म्हणजे वाण्याकडची उधारी फक्त गरिबाचीच असते असं नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलला, बास्केटबॉलला, आइस हॉकीला पगाराची मर्यादा आहे. बेसबॉलला नाही. तिथे ठरावीक रकमेच्या वर खर्च करणाऱ्या क्लबाने चैनीच्या वस्तूंवर भरतात तसा कर भरायचा आणि हवे तेवढे पैसे उडवायचे. डॉजर्स ते उडवतात आणि २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं अजिंक्यपद घेऊन बसलेत. भाच्याचा जीव जळतो तो इथे.

"पण तुमच्या सोटोचं काय झालं?" मी विचारलं.

तिकडे जरा शांतता झाली. मेट्स २०२५ साली बाद फेरीतसुद्धा पोचले नव्हते.

"म्हणजे मर्यादा तुमच्या क्लबावर घालायची?"

"आमच्यावर कशाला? लॉस एंजेलिसवर!"

झाकण नेहमी शेजारणीच्या भांड्यावर घालायचं असतं, हे तत्त्व सातासमुद्रापार गेलेलं पाहून मला भरून आलं.

ह्या झाकणावरून तिकडे एकदा महाभारत झालेलं आहे. मालकांनी मर्यादा आणायचं ठरवलं तेव्हा १२ ऑगस्ट १९९४ला खेळाडूंनी बॅटी खाली ठेवल्या. संप २३२ दिवस चालला. त्या वर्षीची अजिंक्यपदाची मालिका, तिला ते लोक वर्ल्ड सिरीज म्हणतात, रद्द झाली. असं १९०४नंतर प्रथमच घडलं. दोन महायुद्धांनी जे केलं नाही ते पगाराच्या झाकणाने करून दाखवलं. आइस हॉकीत याच्या उलट झालं. तिथे मालकांनीच टाळं लावलं, २००४-०५चा अख्खा हंगाम बुडाला आणि शेवटी मर्यादा आली. बेसबॉलचा मालक-खेळाडूंमधला करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा. झाकणाचं भूत पुन्हा मानगुटीवर बसलंय ते त्यामुळेच.

तुम्ही म्हणाल, तिकडचं पुराण आम्हांला कशाला? पण वाचकहो, हे झाकण आपल्याकडे केव्हाच येऊन बसलं आहे. आपण त्याला 'पर्स' म्हणतो इतकंच.

आयपीएलचा पहिला लिलाव २००८च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला तेव्हा प्रत्येक संघाची थैली पन्नास लाख डॉलरची होती. शिवाय नियम असा, की संघाचा जो 'आयकॉन' असेल त्याला त्या संघातल्या सगळ्यांत महाग खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त द्यायचे. मुंबईचा आयकॉन सचिन. आता धोनीची बोली पंधरा लाखांवर गेली. तो मुंबईत आला असता तर त्याचे पंधरा आणि सचिनचे सव्वासतरा मिळून सव्वाबत्तीस लाख तिथेच खलास. उरलेल्या पावणेअठरा लाखांत बाकीची अख्खी टीम. चेन्नईला आयकॉनच नव्हता. धोनी चेन्नईला गेला. त्यानंतर चेन्नईने धोनीला देवाच्या जागी बसवलं, पण त्याचं मूळ कारण भक्ती नव्हे. त्रैराशिक!

पुढची गंमत २०१०ची. त्या वर्षी लिलावात एका खेळाडूवर साडेसात लाख डॉलरहून जास्त बोली लावायची नाही, असं ठरलेलं. कायरन पोलार्डसाठी चार संघ त्या रेघेला येऊन टेकले. मग काय करायचं? प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप आकडा लिहायचा आणि ज्याचा मोठा त्याला पोलार्ड. मुंबईचा मोठा निघाला. पण वरचे पैसे पोलार्डला नाहीत, मंडळाला! आणि हे जुनं झालं म्हणावं, तर डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीला कोलकात्याने कॅमेरून ग्रीनला पंचवीस कोटी वीस लाखांना घेतला, आणि परदेशी खेळाडूंसाठीच्या नव्या नियमाप्रमाणे ग्रीनच्या वाट्याला आले अठरा कोटी. वरचे सात कोटी वीस लाख पुन्हा मंडळाकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी. भाव खेळाडूचा आणि नफा आडत्याचा, हे आमच्या कल्याणच्या भाजीमार्केटात फार पूर्वीपासून चालू आहे. तिथे फक्त टीव्हीवर दाखवत नाहीत.

अठरा कोटी मिळणाऱ्याची कीव कशाला करायची, असं तुम्ही म्हणाल. मीही करत नाही. मला फक्त हिशेब घालायची खोड आहे. पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क, २०२३ ते २०२७, विकले गेले ४८,३९० कोटींना. म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. दहा संघ, प्रत्येकाची लिलावाची थैली २०२५ साली १२० कोटींची. मॅच फी वगैरे सगळं धरून १४६ कोटी. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. नुसत्या प्रक्षेपणाच्या रुपयातले पंधरा पैसे मैदानात पळणाऱ्यांचे. तिकिटं, जाहिराती, शर्टावरची नावं मी मोजलेलीच नाहीत. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये मर्यादा आहे, पण ती ठरते उत्पन्नावरून, आणि उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा असं लेखी आहे. शिवाय क्लबाने इतके तरी खर्च केलेच पाहिजेत, असा तळही ठरलेला. म्हणजे त्यांच्या भांड्याला झाकण आहे आणि बूडही आहे. आपल्याकडे झाकणावर नक्षीकाम चालू आहे.

अर्थात जुन्या दिवसांपेक्षा हे बरंच. १९८३ साली कपिलच्या मंडळींनी विश्वचषक आणला तेव्हा बक्षीस द्यायला मंडळाच्या तिजोरीत पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. तेव्हा पगाराला छप्पर नव्हतं, कारण खाली घरच नव्हतं.

आणि आपली कबड्डी! २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला तेव्हा सगळ्यांत महाग ठरला राकेश कुमार, बारा लाख ऐंशी हजारांना. २०२२ साली पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने दोन कोटी सव्वीस लाखांना घेतला. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनी त्याच्यावर दोन कोटी साठ लाख पन्नास हजार लावले. थैली एकूण पाच कोटींची. म्हणजे निम्म्याहून अधिक घास एकाच ताटात वाढला. पवन खेळला, जीव तोडून खेळला. टायटन्स बारा संघांत बारावे आले. कबड्डी सातजण खेळतात ही जुनी माहिती तिथे नव्याने सिद्ध झाली.

हे सगळं मी ज्ञान म्हणून सांगत होतो तोपर्यंत ठीक होतं. पण मग आमच्या सोसायटीने प्रीमियर लीग काढली.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं असं आमच्याकडे सांगतात. जुन्या काळी स्वाऱ्या इथे थांबायच्या, दमलेले घोडे ठेवायच्या आणि ताजे घेऊन पुढे जायच्या. तेव्हा इथे खेळाडूंचा लिलाव होणं हे स्थानमाहात्म्याला धरूनच झालं. सहा संघ. सहा मालक. एक दाताचे डॉक्टर, एक रेती-सिमेंटवाले, एक क्लासवाले सर, एक उल्हासनगरात कापडाचं दुकान असलेले शेठ आणि बाकीचे दोघे आपापल्या बायकांचे पैसे घेऊन आलेले. प्रत्येकाला दहा हजार गुण. पैसे नव्हेत, नुसते गुण. कोणत्याही खेळाडूची पायाभूत किंमत दोनशे. अकराजण घ्यायलाच हवेत. आणि प्रत्येक संघात एक ज्येष्ठ नागरिक सक्तीचा. सगळा हिशेब माझ्याकडे, कारण चाळीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

क्लब हाऊसमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हातात लाटणं घेऊन हातोडा म्हणून उभे होते. आमची सौभाग्यवती पहिल्या रांगेत. तिने सगळीकडे एकवार नजर फिरवून विचारलं, "पोहे कधी आहेत?"

"पोहे कशाला?"

"अहो, मुलगा उभा करून त्याची किंमत करताहेत. आमच्या वेळी तरी पोहे असायचे."

डॉक्टरांनी पहिल्याच फेरीत 'बी' विंगमधल्या एका तडाखेबंद फलंदाजावर साडेसहा हजार गुण उधळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात वजाबाकी केली. उरले साडेतीन हजार आणि घ्यायचे दहाजण. त्यांत त्यांना दोन चष्मेवाले, तीन शाळकरी पोरं, एक स्लिप डिस्कवाला आणि 'मी फक्त फोटोपुरता' असं आधीच सांगून टाकलेला एक सॉफ्टवेअरवाला मिळाला. साडेसहा हजारांचा माणूस सामन्याच्या दिवशी मेव्हण्याच्या साखरपुड्याला अलिबागला होता. डॉक्टर तेलुगू टायटन्सची कामगिरी करून मोकळे झाले. दात काढण्यापेक्षा दात दाखवणं सोपं, असं त्या दिवशी दोघातिघांनी म्हणून घेतलं.

मग ज्येष्ठांची पाळी आली. माझं नाव पुकारलं गेलं. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. अखेर शेठनी दयेने हात वर केला. दोनशे. लाटणं टेबलावर आपटलं.

सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, "दोनशे साठवर लागलात, दोनशेवर संपलात."

पण खरी कथा ह्या लुटुपुटीच्या लिलावाची नव्हे. तिथे गुण खोटे, त्यामुळे झाकणही खोटं. खरी गोष्ट घडली थंडीत, मागच्या मैदानावरच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेआधी.

ही स्पर्धा म्हणजे रोख बक्षिसाची. आसपासच्या सोसायट्यांचे आणि गावांतले आठ संघ. प्रत्येक संघात बाहेरचे दोन खेळाडू चालतात आणि ते पैसे घेतात. आमच्या भागात टेनिस बॉल हा खेळ नाही, व्यवसाय आहे. पोरं एका रविवारी पनवेलला खेळतात, दुसऱ्या रविवारी डोंबिवलीला. त्यांतलाच एक पोरगा इथल्या जवळच्या गावातला. डावखुरा. एमआयडीसीत कंत्राटावर, साडेसहाशे रुपये रोज. मागच्या वर्षी त्याने आमच्या पाण्याच्या टाकीवरून तीन षटकार मारले आणि समालोचकाचा आवाज बसला. गेल्या वर्षी तो दिवसाला पंधराशे घ्यायचा. यंदा तीन हजार म्हणाला, आणि एका संघाने पाच देऊ केले अशी बातमी आली.

लगेच बैठक. विषय एकच : बाहेरच्या खेळाडूला दिवसाला कमाल पंधराशे.

क्लासवाले सर तळमळून बोलले. "प्रश्न पैशांचा नाही, खेळाचा आहे. पाच-पाच हजार द्यायला लागले तर लहान संघांनी काय करायचं? दोन सोसायट्यांनी यंदा नाव मागे घेतलंय. उद्या चार घेतील. मग काय रेती-सिमेंटवाले विरुद्ध रेती-सिमेंटवाले असा सामना बघायचा?"

मुद्दा खरा होता. मागे हटलेल्या दोन्ही सोसायट्यांतली पोरं वर्षभर आमच्या पोरांबरोबर खेळतात, आणि सामने मात्र आता कुंपणावरून बघणार होती. थैलीत पैसे असतील त्यानेच खेळायचं, असं ठरलं तर मैदानाची काय गरज? पासबुकं शेजारी ठेवून निकाल लावता येईल. मी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. सरांच्या क्लासची फी दरवर्षी कितीने वाढते, हे त्या क्षणी कुणाला आठवलं नाही, आणि आठवलं तरी ज्यांची मुलं दहावीला होती ते बोलले नाहीत.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. तो पोरगा उभा होता. हातात हेल्मेट. नाइट शिफ्टला निघाला होता.

"मी बोलू का, काका?"

सर म्हणाले, "ही समितीची बैठक आहे."

मी म्हटलं, "भाव त्याचा ठरतोय. बोलू दे."

तो फार बोलला नाही. "मर्यादा घालायची तर घाला. लहान संघ टिकले तर मलाच सामने जास्त मिळतील. पण दोन दिवस खेळायला आलो की दोन खाडे पडतात. मागच्या वर्षी खांदा दुखावला तेव्हा अठरा दिवस कामावर गेलो नाही. ते कुणी धरलं नाही. पंधराशे कशावरून काढले तेवढं फक्त सांगा."

कुणीच सांगेना. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आकडा म्हटलं की लोकांना मी आठवतो. मी वही उघडली आणि मागच्या वर्षीचा हिशेब मोठ्याने वाचला. जमा दोन लाख चाळीस हजार. खर्च : मंडप, दिवे, स्पीकर पंचावन्न हजार. बॅनर अडतीस हजार. चषक सत्तावीस हजार. पाहुण्यांचे हार, शाली, नारळ चौदा हजार. बक्षिसं पंचाहत्तर हजार. पंच सहा हजार, चेंडू चार हजार. औषधोपचार एकशेदहा रुपये. शिल्लक वीस हजार आठशे नव्वद.

"एकशेदहा?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक स्प्रे आणि कापूस."

हॉलमध्ये पुन्हा तशीच शांतता पसरली. फक्त ह्या वेळी कुणी लिलावात उभं नव्हतं. चषक चार फुटी होता, तो जिंकलेल्या संघाने रिक्षात मावला नाही म्हणून पायी नेला होता, हे सगळ्यांना आठवत होतं. बॅनरवर कुणाचे फोटो होते तेही आठवत होतं, कारण ज्यांचे होते ते सगळे समोरच बसले होते.

मग शेठ बोलले. एवढा वेळ ते दाण्यांची पुडी संपवत होते. म्हणाले, "देखो साई, चाळीस साल दुकान चालवतो मी. लोक शाल बघायला येत नाहीत, ह्या लडक्याचा छक्का बघायला येतात. जिस माल से दुकान चलती है, उसका भाव गिराके कोई सेठ नहीं बना. झाकण लगाना है तो सबको लगाओ. बॅनर को भी."

मला एकदम तिकडच्या संपाचा अर्थ लागला. भांडण झाकणाचं नव्हतंच कधी. झाकणामुळे जे पैसे वाचतात ते कुणाच्या खिशात जातात, भांडण तेवढंच असतं. लहान संघ जगावेत म्हणून मर्यादा घालणं वेगळं आणि चषक सहा इंच उंच व्हावा म्हणून घालणं वेगळं. दोन्हीची भाषा मात्र एकच असते, 'खेळ टिकला पाहिजे'. माझ्या चारशेच्या झाकणाखालीसुद्धा एक तळ होता, दोनशे साठचा. आजारी पडलो तर रजा होती. दरसाल सहा रुपये येणार हे छापील होतं. सहाच, पण येणार. तेवढ्या भरवशावर मी बदलापूरला ब्लॉक घेतला. त्या पोराला आम्ही नुसतं झाकण देत होतो आणि त्याला शिस्त म्हणत होतो.

रात्री अकराला ठराव झाला. बाहेरच्या खेळाडूला दिवसाला कमाल अडीच हजार, किमान एक हजार. शिल्लक वीस हजार आठशे नव्वद जखमी खेळाडूंसाठी बाजूला. प्रत्येक संघाचा एकच बॅनर. चषकाची उंची कर्णधाराच्या गुडघ्याच्या वर नको. मागे हटलेल्या दोन्ही सोसायट्यांना निम्म्या प्रवेश फीत परत बोलवायचं. सरांनी चषकाच्या कलमाला विरोध नोंदवला, कारण त्यांनी चषकावर क्लासचं नाव कोरायला देऊन ठेवलं होतं.

पोरगा अजून दाराशीच होता. तीन मागितले होते, अडीच मिळाले. त्याने मनात काहीतरी हिशेब केला आणि मान हलवली. हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता थांबला.

"काका, पुढच्या वर्षी वाढेल ना?"

हा प्रश्न मी कचेरीत पहिल्या महिन्यातच हेडक्लार्कला विचारला होता. फरक इतकाच, की हेडक्लार्क हसला होता.

"दरसाल दहा टक्के," मी म्हटलं. "लिहून घेतो."

"आणि कार्यक्षमतेचं काय?" सर म्हणाले. "वाढ अशी आपोआप द्यायची? काही निकष नको?"

मी वही पुढे ओढली आणि चाळीस वर्षं ज्या दोन अक्षरांनी माझी झोप उडवली ती लाल शाईने त्याच्या नावापुढे लिहिली : 'ई.बी. ओलांडला. पाण्याच्या टाकीवरून.'